विजयेला औषधाचीच शिस्त हवी

नागपूरची धंतोली म्हणजे विदर्भाची रुग्णपेठच. गल्लोगल्ली रुग्णालये आणि त्यांच्या दाराशी गडचिरोली-गोंदियापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतच्या गाड्या. या गर्दीत कमरेतून निघून मांडी, पोटरी ओलांडत पावलापर्यंत जाणाऱ्या कळेने बेजार झालेले रुग्ण थोडे नसतात. आधुनिक वैद्यक त्या व्याधीला सायटिका म्हणते. चरकाचार्यांनी ऐंशी वातविकारांत तिची गणना गृध्रसी या नावाने केली आहे. रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागलेला माणूस सांगाल ती वाट धरतो. अलीकडे ती वाट विजयेच्या, म्हणजे भांगेच्या अर्काच्या बाटलीकडे वळू लागली आहे आणि ‘हजारो वर्षांचा वारसा’ हे शब्द ती बाटली खपवण्यास पुरेसे ठरत आहेत.

वारसा खोटा नाही. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे. आधी सर्व शरीर व्यापून मग पचणाऱ्या ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून शार्ङ्गधराने भांग आणि अफू यांचीच नावे दिली आहेत. १८३९ साली ओशॉग्नेसी या डॉक्टरने कलकत्त्याहून पाश्चात्त्य वैद्यकाला या वनस्पतीची ओळख करून दिली, तीही येथील वापर पाहूनच. परंतु वारसा सांगणाऱ्याने ग्रंथ उघडूनही पाहावा. तेथे विजया ठळकपणे भेटते ती ग्रहणी, अतिसार, अग्निमांद्य यांच्या चिकित्सेत. जातीफलादी चूर्ण हे त्याचे परिचित उदाहरण. गृध्रसीसाठी वैद्य परंपरेने सांगत आले ते रास्नासप्तक काढा, निर्गुंडी, पारिजातकाच्या पानांचा काढा आणि बस्ती. शिवाय विजया शोधनाशिवाय वापरू नये, ती धुऊन, वाळवून गायीच्या तुपात परतावी, असा दंडक आहे. होळीच्या ठंडाईतील गोळी म्हणजे औषध नव्हे. तात्पर्य, सायटिकेसाठी विजया हा बव्हंशी नवा उपयोग आहे आणि नव्या उपयोगाला नवाच पुरावा लागतो.

तो पुरावा आज कोठे आहे? २०१८ साली तेल अवीव येथे जुनाट सायटिकेच्या अवघ्या पंधरा पुरुष रुग्णांना भांगेतील टीएचसी हे मादक द्रव्य जिभेखाली देऊन पाहिले, तेव्हा वेदना घटल्याचे दिसले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ८२० रुग्ण होते. दहा अंशांच्या मापावर अर्काचा लाभ खोट्या औषधाहून जेमतेम अर्ध्या अंशाने अधिक भरला. ब्रिटनची निती तर २०१९ पासून जुनाट वेदनेसाठी भांगजन्य औषधे देऊ नयेत अशीच आहे. आशा आहे, पण ती बेताची. आणि बहुसंख्य रुग्णांची सायटिका काही आठवड्यांत आपोआप ओसरते, हेही विसरता कामा नये. काळाने केलेल्या उपकाराचे श्रेय किती बाटल्यांनी लाटले असेल, देव जाणे!

कायदाही समजून घेतला पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस निषिद्ध ठरवले. शेंड्यांविरहित नुसती पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून भांग सर्वत्र मोकळी झाली असे नव्हे. महाराष्ट्रात तिच्यावर मद्यनिषेध कायद्याचे निर्बंध आहेत. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत ती ‘ई-१’ या विषद्रव्यांच्या सूचीत असून, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावी असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तो इशारा, परवाना क्रमांक आणि टीएचसीचे प्रमाण ज्या बाटलीवर नाही, ती घरात आणूच नये.

वैद्याने विजया दिलीच, तर मात्रा अगदी अल्प असावी आणि ती रात्री घ्यावी. पोटात घेतलेल्या अर्काचा परिणाम जाणवायला कधी कधी दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरी मात्रा घेणारेच बहुधा फसतात. तिचा अंमल असेपर्यंत वाहन चालवू नये. वृद्धांना चक्कर येऊन पडण्याचे भय असते, आणि सायटिकेच्या रुग्णाला मोडलेल्या खुब्याची भर नको. रक्त पातळ करणारी वा झोपेची औषधे चालू असतील तर ते वैद्याला आधीच सांगावे. हृदयविकार, घराण्यातील मनोविकार, गर्भारपण किंवा कोवळे वय असेल तर हा मार्ग वर्ज्यच. आणि लघवी-शौचावरील ताबा सुटला, जांघेत बधिरता आली वा पाऊल लुळे पडू लागले, तर काढा, तेल, अर्क सारे बाजूला ठेवून तत्काळ शल्यविशारद गाठावा; तेथे काही तासांचा विलंबही जन्माचे अपंगत्व देऊ शकतो.

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी खरे तर या बाजारावर सर्वांत आधी आक्षेप घ्यायला हवा होता. नागपुरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, ‘मेडिकल’ आहे, एम्स आहे. शोधित विजया एका बाजूस आणि निर्गुंडी-बस्ती यांची पारंपरिक चिकित्सा दुसऱ्या बाजूस, अशी काटेकोर चाचणी या तिन्ही संस्थांना मिळून घेता येईल. रुग्णांची वाण तर धंतोलीच्या या शहरात पडणार नाही.