भिंगाचा अधिकार

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या त्वचारोगतज्ज्ञांना डर्मोस्कोप आता नवलाईचा राहिलेला नाही. तथापि त्याजकडून कोणती अपेक्षा बाळगावी, याचा विचार मात्र आपण पाश्चात्त्य ग्रंथांतून जसाच्या तसा उचलला आहे. गोऱ्या कातडीच्या देशांत अंगभर तीळ, मेलानोमाचे भय आणि त्यापायी होणाऱ्या अनावश्यक शस्त्रक्रिया ही चिंता मोठी, म्हणून तेथे हे भिंग बायोप्सी टाळण्याचे साधन म्हणून मान्यता पावले. आमची व्याधी उलट आहे. येथे बायोप्सी फार होत नाही, ती फार उशिरा होते. तळपायावरील काळा डाग कुरूप समजून घासला जातो, नाकाशेजारची चकचकीत काळसर गाठ चामखीळ ठरवून कॉटरीने जाळली जाते, आणि जळून गेलेल्या त्या मांसाची कैफियत विकृतिशास्त्रज्ञाच्या दफ्तरी कधीच दाखल होत नाही.

भारतीयांतील मेलानोमा पुष्कळदा तळपायावर वा नखाखाली प्रकटतो आणि आमच्याकडील बेसल सेल कार्सिनोमा बहुधा रंगद्रव्ययुक्त असतो, हे ज्याने ध्यानी घेतले, त्याला दहापट मोठे दाखवणारे आणि ध्रुवित प्रकाशाने पृष्ठभागाची चकाकी हटवणारे हे भिंग बरेच काही सांगते: तळव्याचा रंग खाचांत साठला आहे की घर्मरंध्रांचे पांढरे ठिपके असलेल्या कंगोऱ्यांवर चढला आहे, गाठीत निळसर-करडे पुंजके आणि फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या आहेत की नाहीत. कंगोऱ्यांवरचा रंग धोक्याचा खरा. परंतु सावळ्या तळव्यावर तो निसर्गतःही आढळतो, सबब दुसरा तळवा पाहिल्यावाचून निवाडा देऊ नये.

याहून सूक्ष्म असे साधन रिफ्लेक्टन्स कॉन्फोकल मायक्रोस्कोपीचे. मिलिंद राजाध्यक्ष व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली जिवंत मानवी त्वचेचे असे चित्रण प्रसिद्ध केले (आडनाव वाचून आम्हांस झालेला आनंद वाचक क्षम्य मानतील), तेव्हा चित्रास ठळक उठाव देणारे द्रव्य मेलॅनिनच ठरले; अर्थात सावळी कातडी या यंत्रास परकी नाही. मात्र त्याची दृष्टी जेमतेम पाव मिलिमीटर खोल पोहोचते, आणि आमचा मेलानोमा जेथे दडतो त्या तळव्याची जाड त्वचा तिला दाद देत नाही. उपनगरातील दवाखान्याने तूर्त त्याचा मोह धरू नये.

टाटा स्मारक रुग्णालयातील वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ साली कमरेवरील धोतराच्या काचाने उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले, ते विकृतिशास्त्रज्ञ म्हणून. आणि अंतिम निर्णयाचा अधिकार आजही त्याच शास्त्राकडे आहे. भिंगाचा अधिकार तुकडा कोठून घ्यावा आणि आजच घ्यावा की नाही, एवढे ठरवण्याचा. म्हणून व्यवसायबंधूंना आमची विनंती अशी, की संशयित डाग वा गाठ पाहिल्यावाचून जाळू नये, काढलेला कोणताही तुकडा टाकून देऊ नये, आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर भिंगातून काय दिसले ते दोन ओळींत जरूर लिहावे.