खिसा नसेल तर शून्य लिहू नका

खांदा दुखतो म्हणून बोईसरला किंवा पालघरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी फिजिओथेरपीला धाडलं, की हल्ली बऱ्याच ठिकाणी हातात एक कागद येतो. तेरा प्रश्न, प्रत्येकापुढे शून्य ते दहा आकडे. बाहेर रांग लागलेली, आत घाई. आपण भराभर आकड्यांना गोल करतो आणि कागद परत देऊन टाकतो. माझी विनंती अशी की तो भराभर भरू नका. आणि त्यातला एखादा प्रश्न तुमच्या रोजच्या जगण्याला लागूच पडत नसेल, तर तसं तोंडाने सांगा.

या कागदाला ‘स्पाडी’ म्हणतात. १९९१ साली अमेरिकेत चौघा संशोधकांनी तो तयार केला. पहिले पाच प्रश्न दुखण्याचे: त्या कुशीवर झोपल्यावर किती दुखतं, मानेच्या मागे हात नेताना किती, असे. पुढचे आठ अडचणीचे: केस धुणं, पाठ धुणं, अंगात कपडे घालणं, उंच फळीवर वस्तू ठेवणं, साडेचार किलोचं ओझं नेणं. शेवटचा प्रश्न मागच्या खिशातून वस्तू काढण्याचा. गंमत म्हणजे त्या चौघांत सोंगसिरिदेज आणि लेर्तरतनाकुल अशी दोन थाई आडनावं आहेत, तरी प्रश्न सगळे अमेरिकेतल्या घरातले. थायलंडच्या रुग्णांसाठी तो थाईत नीट बसवून, पडताळून छापला गेला तो २०१५ साली. आपल्याकडे तमिळमध्ये हे काम त्याआधी, २०१२ मध्ये झालं.

आता तो मागचा खिसा घ्या. चिंचणी-तारापूर पट्ट्यातल्या मासळी विकणाऱ्या एका मावशींना हा प्रश्न वाचून दाखवला, तर त्या हसल्याच. “लुगड्याला कुठला आला खिसा? शून्य लिही.” मग विचारलं, मावशी, काष्टा कोण खोचतं? हसू गेलं. म्हणाल्या, “दोन महिने झाले, सूनच खोचते.”

हात पाठीमागे वळवून कमरेपाशी नेणं, एवढंच त्या प्रश्नाला तपासायचं आहे. पँट घालणाऱ्याचा हात तिथे पाकिटासाठी जातो, लुगडं नेसणारीचा काष्ट्यासाठी, पाठीमागे हुक असलेला ब्लाउज घालणारीचा हुकासाठी. खांद्यातली हालचाल एकच. मावशींचा खरा आकडा नऊ किंवा दहा होता आणि कागदावर शून्य पडणार होतं.

एका शून्याने काय होतं, असं वाटेल. हिशेब करून बघू. बाकीच्या सात कामांना मावशींनी प्रत्येकी सहा दिले असं धरा, म्हणजे बेचाळीस झाले. आठव्याला शून्य लिहिलं तर ऐंशीपैकी बेचाळीस, म्हणजे साडेबावन्न टक्के. ‘मी हे काम करतच नाही’ असं सांगून तो प्रश्न गाळला, तर सत्तरपैकी बेचाळीस, म्हणजे साठ टक्के. काष्ट्याचे खरे नऊ धरले तर चौसष्टच्या जवळ. स्पाडीच्या एकूण गुणांत साधारण ८ ते १३ चा फरक पडला, तर माणसाला खरोखर बरं वाटतंय असं अभ्यासक धरतात. म्हणजे या आठ प्रश्नांत बरं न होताही काहीसं बरं झाल्याचा देखावा एका शून्याने होऊ शकतो. लागू नसलेला प्रश्न गाळायची सोय मूळ कागदातच आहे, फक्त दोनपेक्षा जास्त गाळायचे नाहीत. पण आधी त्या हालचालीचं तुमचं स्वतःचं काम कुठलं, ते विचारा.

उंच फळीचंही तेच. सातपाटीपासून वर किनाऱ्याच्या गावांत ओले बोंबील वाळवायला वलांडीवर टाकताना हात तासन्‌तास खांद्याच्या वर असतो. घोलवड-डहाणूच्या वाडीत जाळी बांधलेला लांब बांबू वर धरून चिकू काढणाऱ्याचंही तेच. त्यांच्या घरात उंच फळी असेल नसेल, खांदा मात्र तिथेच अडतो. साडेचार किलो म्हणजे किती, हे कुणाला हाताने सांगता येत नाही. पाच लिटर तेलाचा भरलेला कॅन जवळपास तेवढाच भरतो. तो उचलून दोन पावलं चालून बघा आणि मग आकडा द्या.

आकड्यांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे माणूस “बारा आणे बरं आहे” असं सांगतो, आणि ते चांगलं माप आहे. पण या कागदावर दहा म्हणजे सगळ्यात वाईट. शाळेतल्या मार्कांची सवय असल्याने कित्येक जण बरं वाटल्यावर आकडा वाढवत नेतात. बारा आणे बरं असेल तर चार आणे दुखणं उरलं, म्हणजे अडीच-तीन. जमत नसेल तर आण्यांत सांगा आणि आकडा समोरच्याला लिहू द्या. विचारणा गेल्या आठवड्याची असते, हेही विसरू नका. लग्नघरात पंगती वाढल्या त्या रात्रीचं दुखणं महिन्याभरापूर्वीचं असेल तर ते इथे येत नाही.

घरातल्यांना एक सांगायचं आहे. आईच्या शेजारी बसून तुम्हीच उत्तरं देऊ नका. मुलगा म्हणतो, “तिला काही नाही, सगळं करते.” करते खरी, पण डाव्या हाताने उजवा हात उचलून करते. केस धुताना तिला काय होतं, हे तिलाच ठाऊक.

तारापूरच्या एमआयडीसीत तर भाषा एकच नाही. पिंपं ढकलणारे, गोण्या चढवणारे कितीतरी हात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले. त्यांच्यापुढे मराठी कागद ठेवणं म्हणजे कागद न ठेवण्यासारखंच. आणि दुभाषा म्हणून सुपरवायझरला बसवलं, तर कुणीही खरं सांगणार नाही. दुखतं म्हटलं तर उद्या ठेकेदार दुसरा माणूस आणेल ही धास्ती असते. शेजारी भाड्याने राहणारा असा कोणी असेल आणि तुम्हाला हिंदी येत असेल, तर त्याच्याबरोबर तुम्ही जा. मोबाइलवर झालेल्या भाषांतरावर विसंबू नका.

वरोर-चिंचणीकडच्या डायमेकर मंडळींनो, तुमची तक्रार रास्त आहे. दिवसभर मान खाली, हातात छिन्नी-हातोडी, आणि कागदात हातोडीचा एक प्रश्न नाही. स्पाडी रोजगाराबद्दल विचारतच नाही. ‘डॅश’ नावाचा तीस प्रश्नांचा दुसरा कागद आहे, त्याला कामाविषयी चार प्रश्नांची पुरवणी जोडता येते. ती आहे का, असं विचारा. नसेल तर कागदाच्या मागे स्वतःच्या शब्दांत लिहा: किती वेळ हातोडी चालते, कितव्या तासाला हात गळतो, रात्री कुठल्या कुशीवर जाग येते. वाचणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळतं.

असा कागद मराठीत आणणं म्हणजे कुणी एका बैठकीत केलेलं भाषांतर नव्हे. रीतीप्रमाणे दोघे जण वेगवेगळं भाषांतर करतात, त्यातला एक मुद्दाम वैद्यकाबाहेरचा. दोन्ही जुळवून एक करतात. मग मूळ कागद न पाहिलेले दोघे ते परत इंग्रजीत नेतात आणि कुठे अर्थ निसटला ते दिसतं. जाणकारांची समिती बसते. त्यानंतर तीस-चाळीस खऱ्या रुग्णांपुढे तो ठेवून विचारतात, तुम्हाला यातून काय कळलं? सगळी मदार या पायरीवर असते आणि नेमकी तिथेच आपली माणसं भिडस्त होतात. समोर शिकलेली मुलगी बसलेली, तिला कशाला दुखवा, म्हणून “कळलं, कळलं” म्हणतात.

फिजिओथेरपीचे विद्यार्थी प्रबंधासाठी अशी कामं घेतात. तुमच्या गावात असं कोणी आलं, तर अर्धा तास द्या. वाडवळी, मांगेली, वारली बोलणाऱ्या घरांनी तर द्याच, कारण पुण्याच्या टेबलावर बसलेली मराठी इथल्या उंबऱ्यावर अडखळते. कळलं नाही तर “कळलं नाही” म्हणा, हसू आलं तर हसा, तुमच्या घरी त्या कामाला काय म्हणतात ते सांगा. सही करण्यापूर्वी नाव कुठे जाणार, कागद कोण बघणार, हे विचारायला संकोच नको. नाही म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे आणि त्याने उपचार थांबत नाहीत.

ज्यांना साखर आहे आणि खांदा दिवसेंदिवस आखडत चालला आहे, त्यांनी कागदाची वाट बघू नये. मधुमेहात खांदा गोठण्याचं प्रमाण जास्त असतं. साखर तपासून डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दाब, घाम आणि डाव्या खांद्याकडे जाणारी कळ असेल, तर फिजिओथेरपी नको, थेट रुग्णालय गाठा.

प्रबंधासाठी आलेला विद्यार्थी काही दिवसांनी तोच कागद घेऊन पुन्हा आला, तर “झालं ना एकदा!” म्हणून वैतागू नका. दुखणं तेवढंच असेल तर उत्तरंही तेवढीच येतात का, हे त्याला बघायचं असतं. मागच्या वेळी काय लिहिलं ते आठवत बसू नका. या आठवड्यात खांदा कसा आहे, तेवढं सांगा.