आशीर्वाद आणि पगारपत्रक

देवाचा आशीर्वाद कशाला म्हणावे आणि तो लाभल्याची खूण कोणती, हा ख्रिस्ती धर्मविचारातला जुना वाद आहे. पुणे जिल्ह्यातल्या चाकणमध्ये तो फार रोकड्या स्वरूपात उभा राहतो. कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग यांसाठी ओळखले जाणारे हे गाव आता वाहनउद्योगाचे ठाणे झाले आहे. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी यांच्या शिवारांत कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग भाड्याच्या खोल्या. नगर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे, केरळ-तामिळनाडूतले तंत्रज्ञ, झारखंड-ओडिशातले कंत्राटी कामगार अशी सरमिसळ चाकण ते पिंपरी या पट्ट्यातल्या उपासनांत दिसते. बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी इथे गुरुवारी असते; त्यामुळे रविवारची उपासना कित्येकांना पाळी सांभाळून, संध्याकाळी करावी लागते. प्रार्थनेच्या विनंत्याही याच जगातल्या असतात. पर्मनंट होऊ दे, कंत्राट वाढू दे, गुंठाभर जागेचे काम मार्गी लागू दे.

या विनंत्यांना तयार उत्तर देणारी एक शिकवण आहे. तिला समृद्धीची सुवार्ता म्हणतात. देव पिता आहे. पित्याला लेकरांची गरिबी कशी आवडेल? येशूने वधस्तंभावर पापाबरोबर रोगाचा आणि दारिद्र्याचा शापही वाहिला. म्हणून विश्वासणाऱ्याने आपला हक्क तोंडाने कबूल करावा, दशमांशाचे बी पेरावे आणि पिकाची वाट पाहावी, असा तिचा सरळ हिशेब. विसाव्या शतकातल्या अमेरिकेत केनेथ हेगिन, ओरल रॉबर्ट्स यांसारख्या प्रचारकांनी ती रुळवली; दूरचित्रवाणीने आणि पुढे मोबाइलने ती जगभर नेली. तिची आधारवचने ठरलेली आहेत. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात देव म्हणतो की दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशकपाटे उघडतो की नाही ते पाहा. अनुवाद या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञापालनाच्या आशीर्वादांची लांबलचक यादी आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आपल्या मनात लोकांच्या हिताचेच संकल्प आहेत असे देव सांगतो. हे शेवटचे वचन तर मोबाइलच्या स्टेटसवरही कायमचे जाऊन बसले आहे.

या शिकवणीला नुसते हसून चालणार नाही. भाकरीचा प्रश्न आत्म्याच्या प्रश्नापेक्षा हलका मानणारा उपदेश बारा तास लाइनवर उभे राहून आलेल्या माणसाला फारसे काही देत नाही. समृद्धीची शिकवण निदान त्याच्या पगारपत्रकाकडे पाहते. तिच्या सभांत येऊन दारू सुटली, मुलांची फी वेळेवर भरली जाऊ लागली, अशी घरेही असतात, आणि त्या घरांपुरता तो बदल खराच असतो. पण दारू सुटल्याने चार पैसे हाती राहणे ही एक गोष्ट. देव पैशाच्या रूपातच प्रसन्न होतो हे मानणे दुसरी. पहिलीच्या आडून दुसरी खपवली जाते, आणि खोट आहे ती तिथे.

मलाखीचेच घ्या. दशमांशाच्या वचनाच्या पाच ओव्या आधी, त्याच अध्यायात, देव कोणाविरुद्ध साक्षीला उभा राहणार त्याची यादी आहे. तिच्यात मजुराची मजुरी बुडवणारा आहे, विधवेला, अनाथाला आणि परक्याला छळणारा आहे. नियमशास्त्रात दशमांश धान्याचा, फळांचा आणि गुराढोरांचा होता. त्यावर ज्यांना जमिनीत वाटा नव्हता ते लेवी जगत, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या परक्याचे, अनाथाचे व विधवेचे पोट भरे. भांडार भरायचे ते वाटण्यासाठी. चाकणच्या भाषेत सांगायचे तर कंत्राटी पोरांचा भविष्यनिर्वाह निधी थकवून उपासनेत जाड पाकीट टाकणाऱ्या ख्रिस्ती पुरवठादाराला मलाखी आशीर्वाद देत नाही. तो त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. तरी उपदेश दहाव्या ओवीवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. पाचवी ओवी ऐकायला मिळत नाही.

यिर्मयाच्या वचनाची गत याहून वाईट आहे. ते एका पत्रातले वाक्य आहे, आणि पत्र बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. सुटका सत्तर वर्षांनी होईल, असे त्या वाक्याच्या आदल्याच ओवीत सांगितलेले आहे. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची माती परक्या मुलुखातच होणार होती. त्यांनी करायचे काय? घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात येऊन पडला आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा येतो. दोन वर्षांत जू मोडेल, लुटून नेलेले सगळे परत येईल, असे तो भर मंदिरात जाहीर करतो. तसे व्हावे असे यिर्मयालाही वाटते, पण देवाने ते सांगितलेले नाही, म्हणून तो हनन्याला खोटा ठरवतो. आज ज्यांच्या ओठांवर यिर्मयाचे वचन असते त्यांचा संदेश हनन्याचा असतो.

अनुवादातली यादी एका राष्ट्राशी केलेल्या कराराची आहे. तिच्यावरून एकेका माणसाचे भाग्य वाचता येत नाही, ही तक्रार बायबलच्याच पोटात नोंदलेली आहे. ईयोबाचे मित्र आजच्या सभांतलेच तर्क मांडतात: तू भोगतो आहेस त्या अर्थी तुझे कुठे तरी चुकले आहे. पुस्तकाच्या अखेरीला देव या मित्रांवर रागावतो आणि ते आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत असे स्पष्ट सांगतो. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय तर ही वाट पुरती बंद करतो. विश्वासाने कोणी सिंहांची तोंडे बंद केली, कोणी तलवारीच्या धारेतून वाचले. आणि त्याच दमात, त्याच विश्वासाने, कोणी धोंडमार सोसला, कोणी करवतीने चिरले गेले. दोन्ही याद्यांना शेरा एकच आहे.

शास्त्रवचने बाजूला ठेवली तरी अनुभव या हिशेबाला साथ देत नाही. २०१९ मध्ये वाहनउद्योगात मंदी आली तेव्हा या पट्ट्यात ‘ब्लॉक क्लोजर’ हा शब्द घरोघरी पोचला. उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर होत गेले आणि सर्वांत आधी कंत्राटी माणसे घरी बसली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना उत्पादन थांबवून मोकळा झाला. तिथल्या सगळ्या विश्वासणाऱ्यांचा विश्वास एकाच महिन्यात आटला, असे म्हणायचे काय? बाजारातली मागणी, कंपनीचे जागतिक निर्णय, कंत्राटी पद्धतीचा कायदा यांचे ओझे ही शिकवण एका फिटरच्या मनावर टाकते. पीक आले तर शिकवण खरी, न आले तर पेरणाराच अल्पविश्वासी! कोणत्याच निकालाने खोटे न पडणारे हे वचन ऐकणाऱ्याला मात्र नेमके त्याच्या पडत्या काळात खोटे पाडते. नोकरी गेलेला माणूस उपासनेला येईनासा होतो, कारण तिथे साक्ष द्यायला त्याच्यापाशी काही उरलेले नसते.

मराठी ख्रिस्ती समाजाला तर हा हिशेब आणखीच अडचणीचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांपासून या समाजाच्या पाठीस एक टोमणा लागलेला आहे: पोटासाठी धर्म बदलला. अन्नछत्रांच्या त्या काळात बाप्तिस्मे वाढले हे खरे, आणि उपाशी माणसाने जेवू घालणाऱ्याचा धर्म जवळचा मानला यात त्याला लाज वाटावी असे काही नाही. पण त्या टोमण्याला मराठी ख्रिस्ती माणसे पिढ्यान्पिढ्या आपल्या जगण्याने उत्तर देत आली. आता येशूकडे या, तुमचा धंदा वाढेल, असे व्यासपीठावरून सांगणारे लोक टीकाकारांचा आरोप स्वतःच कबूल करून टाकतात. देहू आणि आळंदीच्या शेजारी राहून हे सांगावे याची तर कमालच म्हणायची. नवसाने देव विकत घेता येत नाही, ही गोष्ट या मुलखाने तुकोबांकडून साडेतीनशे वर्षांपूर्वीच ऐकली आहे. समृद्धीची सुवार्ता म्हणजे नवसच. फेडायचा आधी, एवढाच फरक.

नारायण वामन टिळकांनी तुकोबांना आपल्या ख्रिस्तापर्यंतच्या वाटेवरचा पूल मानले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पदरात पडले ते असे: आप्तांनी पाठ फिरवली, पत्नी दुरावली, मुलगा तिच्यापाशी राहिला. लक्ष्मीबाई पुढे संसारात परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. पण त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या घरात पैसा खेळू लागल्याचे कुठे दिसत नाही. दिसतो तो हाती आलेले दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा आणि चणचणीला हसत तोंड देणारी बायको. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारू पाहिला. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते; ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मोठेपणी मोडके अक्षर शिकलेल्या बाईने दुसऱ्याचे महाकाव्य पुढे नेणे यात मिळकत काहीच नव्हती.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच, दौंड तालुक्यातल्या केडगावचे. आईबाप दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत पती गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर मृत्यूने त्यांचे घर वगळले असे झाले नाही. ज्या मुलीवर संस्थेचा भार सोपवायचा ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या डोळ्यांदेखत गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. या दोन टोकांच्या मध्ये १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या शेकडो मुली, बायका त्यांच्या मुक्ती सदनात जेवत होत्या, विणकाम, शेती, छपाई शिकत होत्या. रमाबाईंकडे पैसा आला नाही असे नाही, भरपूर आला. तो त्यांच्या हातून पुढे गेला. आकाशकपाटे उघडली असतील तर ती या अर्थाने.

यातून मंडनाचा मुद्दा निघतो. बायबलच्या रचनेत आशीर्वाद आधी येतो आणि निष्ठा नंतर. अब्राहामाने काहीही करून दाखवण्याआधी त्याला आशीर्वादाचे वचन मिळाले, आणि त्या वचनातच पुढचे कलम होते की तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. अहरोनाने लोकांना द्यायचा आशीर्वाद गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. त्यात देव राखतो, मुख प्रकाशित करतो, कृपा करतो, शांती देतो. धनाचा उल्लेख नाही. आशीर्वाद म्हणजे देवाशी जडलेले नाते, आणि निष्ठा म्हणजे त्या नात्याला दिलेला रोजचा प्रतिसाद. निष्ठेची मजुरी म्हणून आशीर्वाद मिळत असता तर निष्ठा आणि गुंतवणूक यांत फरक उरला नसता. दानीएलाचे तिघे सोबती भट्टीपुढे उभे राहून म्हणतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने न सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. निष्ठेची व्याख्या हवी असेल तर ती या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

चाकणमध्ये हे दुसरे अर्धे फार लहान जागी तपासले जाते. रात्रपाळी संपत आलेली असते, शेवटच्या खेपेचे माप घ्यायचे राहून गेलेले असते, आणि तपासणीच्या कागदावरचे रकाने अंदाजाने भरून सही ठोकणे सगळ्यांच्या सोयीचे असते. माप न घेता आकडा लिहिणे ही त्या पाळीतली खोटी साक्ष होय. ती नाकारणाऱ्याला बढती मिळेल याची हमी कोणी देऊ नये. उलट गाडी अडवली म्हणून सुपरवायझरची बोलणीच बहुधा मिळतात. लहान गोष्टीत विश्वासू राहण्याविषयी येशूचे बोलणे याच जातीच्या कामाबद्दल आहे. रात्रपाळीनंतर आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, कंत्राट संपलेल्या सोबत्याला महिनाभर खोलीत ठेवून घेणे, व्याजाने पैसा न फिरवणे, ही त्याच निष्ठेची रूपे आहेत.

शेवटचा आक्षेप उरतो: मग मागायचेच नाही काय? मागायचे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर आहे, आणि ती पापक्षमेच्या आधी येते. गरिबीच पवित्र मानून भाकरीच्या प्रार्थनेला नाक मुरडणे हेही बायबलबाह्यच आहे. पण त्याच प्रभूने गेथशेमाने बागेत जे मागितले ते त्याला मिळाले नाही, आणि त्याने पित्याला सोडले नाही. पौलानेही आपला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवले आणि त्याला नकार मिळाला. म्हणून पर्मनंट होण्यासाठी मंडळीने जरूर प्रार्थना करावी. आणि काम सुटले तर त्याच मंडळीतल्या कोणी तरी त्या माणसाबरोबर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे, त्याचा निधीचा अर्ज भरून द्यावा, आणि रविवारी संध्याकाळी त्याला साक्षीसाठी पुढे बोलवावे, नोकरी लागण्याची वाट न पाहता.