शेजारची चूल

धुराच्या गाण्यांचा कार्यक्रम म्हटला की यादी ठरलेली. 1961 च्या ‘हम दोनो’तला देव आनंद, 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तली झीनत अमान, 2006 च्या ‘ओंकारा’तली बिपाशा बासू. आधी सिगारेट, मग चिलीम, मग बिडी. लिहिणारे साहिर, आनंद बक्षी आणि गुलजार. तिन्ही गाणी आवडीची आहेत, पुन्हा पुन्हा ऐकावीत अशीच. जयदेवांच्या चालीवर रफींनी जी बेफिकिरी उभी केली तिला तोड नाही. पण या तिन्हींतला धूर एकाच जातीचा आहे. हौसेने ओढलेला, हौसेने सोडलेला.

‘ओंकारा’तल्या त्या गाण्यात मात्र एक चूल आहे. ‘बीडी जलइले’ ऐकताना तिच्याकडे लक्ष जात नाही, कारण ठेका थांबू देत नाही. थंडी कडाक्याची आहे, अंगावर पांघरूण नाही, आणि उपाय सांगितला आहे की शेजाऱ्याच्या चुलीतून विस्तव आणावा. ओळ येते आणि निघून जाते. ती चूल पेटवली कोणी? ओल्या फाट्यांपुढे, तोंडाला फुंकणी लावून, डोळे बारीक करून कोण बसले होते? गाण्यात शेजारी आहे, त्याची चूल आहे, चुलीत आयता विस्तव आहे. शेजारीण नाही.

तो त्या गाण्याचा विषयच नव्हता, असे कोणी म्हणेल. मान्य. मग कोणत्या गाण्याचा आहे? धुराची म्हणून जी गाणी आपण निवडतो, त्यांतल्या एकाही गाण्यात ती बाई नाही. या देशात सर्वांत जास्त धूर ज्यांच्या छातीत गेला, त्या बायकांनी तो ओढला नव्हता. स्वयंपाक करताना तो त्यांच्या छातीत गेला.

हीच नजर पडद्यावरच्या इशाऱ्यातही आहे. 2 ऑक्टोबर 2012 पासून चित्रपटात कोणी सिगारेट किंवा बिडी शिलगावली की खाली तंबाखूच्या धोक्याची पट्टी येते. यायलाच हवी. पण त्याच चित्रपटात आई चूल फुंकते, खोकते, पदराने डोळे टिपते, तेव्हा खाली काही येत नाही. ते दृश्य आपल्याला गलबलून यावे म्हणून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांचा हा धूर. आईच्या डोळ्यांतले पाणी मायेचे, असे आपण धरून चालतो. त्यातले किती धुराचे, हे कोणी विचारत नाही.

विचारले तरी उत्तर काय मिळायचे? ‘काही नाही, धूर गेला डोळ्यांत.’ अमेरिकेत 1933 मध्ये ‘रॉबर्टा’ या संगीतिकेसाठी जेरोम कर्न यांनी चाल लावलेले ‘स्मोक गेट्स इन युअर आइज’ हे गाणे याच सबबीवर उभे आहे. तिथे विझलेल्या प्रेमाचे अश्रू धुरावर ढकलले आहेत. आमच्या स्वयंपाकघरांत ही सबब रोजची होती, आणि तिथला धूरही खरा होता.

तो धूर मराठीत गायला गेला आहे. बहिणाबाई चौधरींची ‘चुल्हा पेटता पेटेना’ ही कविता त्याच धुराची. चूल नुसती धुमसते आहे आणि बाई तिच्याशी बोलते आहे. विनवते, चिडते, तिला जाब विचारते. धूर सोडणारा माणूस त्या कवितेत नाही. धूर सोसणारी आहे, आणि बोलते तीच.

पण बहिणाबाईंची चूल म्हटली की आपल्या ओठांवर ‘अरे संसार संसार’ येते. ‘हम दोनो’ आले त्याच 1961 साली ‘मानिनी’ या चित्रपटात वसंत पवारांनी ते गाणे घेतले आणि सुमन कल्याणपूरांनी ते घरोघरी पोचवले. गाणे थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातले चटके आपल्याला चालतात, कारण त्यांच्या पाठोपाठ भाकर येते आणि शिकवणही येते. हाताला बसलेल्या चटक्याचे सुभाषित झाले की ते लग्नाच्या सभागृहातही म्हणता येते. ‘चुल्हा पेटता पेटेना’ तिथे कोणी म्हणत नाही. ते म्हटले तर सोसण्याचे कौतुक करता येत नाही. बाई वैतागलेली आहे, आणि तिचा वैताग रास्त आहे.

धुराच्या गाण्यांची पुढची मैफल जो कोणी लावेल, त्याने देव आनंदला जरूर ठेवावे. बिडीही ठेवावी. सुरुवात मात्र बहिणाबाईंच्या या कवितेने करावी, आणि निवेदनात तिला ‘कष्टाळू माउली’ म्हणू नये.