कागद कपाटातला आणि कागद संगणकातला



घराचं खरेदीखत, विम्याची पॉलिसी, सोनाराच्या पावत्या कुठे ठेवायच्या, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कपाटातला आतला कप्पा, आणि त्याची किल्ली कुठे असते ते घरात दोघांनाच ठाऊक! पण तोच मजकूर संगणकावर टाइप केला, की आपण एकदम निर्धास्त होतो. मग तो कागद जणू ओसरीवर पडून राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याने खुशाल चाळावा.

या आठवड्याचं पत्र आहे बारामती एमआयडीसीच्या परिसरात राहणाऱ्या एका भगिनीचं. त्या वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्यांपासून फेरेरोच्या चॉकलेटपर्यंत कितीतरी माल तयार होतो. टेक्स्टाइल पार्क आहे, छोटी वर्कशॉप्स आहेत. एमएस-सीआयटी झाल्यावर या ताईंनी घरीच टायपिंग सुरू केलं. वर्कशॉपवाल्यांची दरपत्रकं आणि पगाराच्या याद्या त्यांच्याकडे येतात. शिवाय त्या बचत गटाच्या सचिव. बारा जणींचे आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक, कुणी किती कर्ज घेतलं, सारं एकाच वर्ड फाइलीत. घाईघाईत ती फाइल अध्यक्षांना पाठवण्याऐवजी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. काढून टाकली, पण तोवर काहींनी उघडली होती. गटातल्या एकीने माहेरच्या आजारपणासाठी कर्ज घेतलं होतं, ते तिच्या घरी असं बाहेरून कळलं. "ती आता माझ्याशी बोलत नाही. मी काय करू?" असं ताई विचारतात.

ताई, आधी झालेल्या गोष्टीचं बघू. बाराही जणींना तुम्ही स्वतः, एकत्र बोलावून सांगा. कुणाकडून तरी कानावर जाण्यापेक्षा ते बरं. प्रत्येकीने आपलं पासबुक आणि बँकेचे मेसेज काही दिवस नीट पाहावेत. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बोटांचे ठसे वगैरे 'लॉक' करण्याची सोय असते, ती वापरावी. पैसे गेल्याचं दिसलं, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवायचं आणि बँकेलाही. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणूक करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही ग्रुपवर सौम्य शब्दांत लिहून ठेवा. म्हणजे फाइल ज्यांच्याकडे उरली असेल, ते ती पुसतील. आणि त्या मैत्रिणीच्या घरी मात्र फोन न करता स्वतः जा. तिचं गुपित कुणाला सांगायचं, हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. तो तिच्या हातून गेला. नुसतं 'चुकून झालं' म्हणून भागणार नाही. पुढे असं घडू नये म्हणून काय केलंत, ते तिला दाखवा.

ते काय करायचं, हे आता सगळ्याच मैत्रिणींसाठी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे फाइलीत लिहायचंच थोडं. गटाच्या हिशेबाला आधार क्रमांक कशाला हवा? नावापुढे सभासद क्रमांक पुरतो. आधारची प्रत कुणी मागितलीच, तर 'मास्क्ड आधार' द्या. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. कर्जाची यादी आणि खाते क्रमांकांची यादी अशा दोन वेगळ्या फाइली करा. एक बाहेर पडली, तरी दुसरी सुरक्षित राहते. सगळे दागिने एका डब्यात आपण ठेवतो का?

दुसरी गोष्ट कुलपाची. वर्डमध्ये 'फाइल' वर जा, मग 'इन्फो', मग 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट' आणि त्यात 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. पासवर्ड दोनदा लिहा आणि फाइल सेव्ह करा. लिबरऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर 'सेव्ह ॲज' करताना 'सेव्ह विथ पासवर्ड' या चौकटीत खूण करा. असं केलं की आतला मजकूरच गुप्त रूपात बदलतो आणि पासवर्डाशिवाय उलगडत नाही. त्याच ठिकाणी 'मार्क ॲज फायनल' आणि 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' असे पर्याय दिसतील. ती कुलपं नव्हेत बरं का! तो नुसता 'हात लावू नये' असा फलक आहे, वाचणारा वाचतोच. जुन्या 'डॉक' प्रकारच्या फाइली असतील, तर आधी नव्या 'डॉकएक्स' प्रकारात सेव्ह करा. जुन्या प्रकाराचं कुलूप कच्चं असतं.

पासवर्ड कसा असावा? ई-आधारची पीडीएफ उघडताना काय करतो ते आठवा. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल! ही रीत साऱ्या देशाला ठाऊक आहे. म्हणून आपल्या फाइलीला मुलाचं नाव आणि जन्मसाल लावू नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. पाटा, गुलमोहर, सायकल, पाऊस असे काहीही. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. लक्षातही राहतात आणि ताडताही येत नाहीत. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी मोजली जातात, तेवढं ध्यानात ठेवा.

मात्र हे कुलूप इमानी आहे. किल्ली हरवली तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ते उघडून देत नाही. तेव्हा गटाच्या फाइलीचा पासवर्ड कागदावर लिहा, पाकिटात घाला, पाकिटावर दोघींच्या सह्या करा आणि ते गटाच्या रोकडपेटीत ठेवा. उद्या सचिव आजारी पडली, तर बारा जणींचा हिशेब अडकायला नको. घरच्या कागदांचंही असंच. नवऱ्यापासून लपवाछपवी करा असं मी म्हणत नाही, पण गटाचा कागद हा दुसऱ्यांची ठेव आहे. ती घरातल्यांनाही दाखवायची नसते.

तिसरी गोष्ट पाठवण्याची. जुन्या काळी मराठी पत्राच्या शेवटी मोर्तब उठवत. त्याखाली कुणी भर घालू नये, हा हेतू. कागद जोडून लांब केला असेल तर पाठीमागे सांध्यावरही शिक्का मारत. आपणही तेवढी काळजी घ्यावी. पाठवण्याआधी वर दिसणारं नाव मोठ्याने वाचा. फाइल एका वाटेने पाठवा आणि पासवर्ड दुसऱ्या वाटेने, म्हणजे फोनवर तोंडी सांगा. दोन्ही एकाच व्हॉट्सॲपवर टाकणं म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणं! गूगल डॉक्सवरून देत असाल तर 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय ठेवू नका. 'रिस्ट्रिक्टेड' करून ज्याला हवी त्याचाच ईमेल लिहा, आणि काम झालं की त्याची परवानगी काढून घ्या.

दरपत्रक पाठवणाऱ्यांनी आणखी एक जपावं. दुरुस्त्या नोंदवणारं 'ट्रॅक चेंजेस' चालू असेल, तर खोडलेला जुना भाव फाइलीच्या पोटात तसाच राहतो. पडद्यावर दिसत नाही एवढंच. २००३ साली ब्रिटिश सरकारने इराकविषयीचं एक टिपण वर्ड फाइलीच्या रूपात प्रसिद्ध केलं. ती फाइल कुणाकुणाच्या हाताखालून गेली, त्यांची नावं तिच्यातूनच बाहेर आली आणि मोठी शोभा झाली. तेव्हा 'रिव्ह्यू' मध्ये जाऊन सर्व बदल स्वीकारा. मग 'इन्फो' मधलं 'चेक फॉर इश्यूज' आणि त्यातलं 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. शेवटी पीडीएफ करून पाठवा. नाहीतर तुमच्या वर्कशॉपवाल्याचा मूळ भाव गिऱ्हाइकाला कळायचा!

झेरॉक्सच्या दुकानातून छपाई करून घेता ना? तिथल्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडलं असेल, तर घरी येऊन आपल्या फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा आणि ते बंद करा. दुकानातल्या 'डाउनलोड्स' आणि 'रिसायकल बिन' मधून आपली फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अनोळखी फाइल आली आणि वर 'एनेबल कंटेंट' असं बटण दिसलं, तर ते दाबू नका. १९९९ साली 'मेलिसा' नावाचा विषाणू अशाच वर्ड फाइलीतून आला होता. फाइल उघडणाऱ्याच्या वहीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर तो स्वतःला पाठवून देई. पुढे जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' ने न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पाडलं. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर आपल्या घरच्या संगणकाचं काय! म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ती कुलूपबंदच असू द्या, आणि पेनड्राइव्ह संगणकाला न लावता कपाटात ठेवा.

घरात संगणक एकच असेल, तर मुलांसाठी वेगळं खातं उघडून द्या आणि तुमच्या खात्याला स्वतंत्र पासवर्ड ठेवा. त्यांच्या खेळांत तुमची लुडबुड नको आणि तुमच्या कागदांत त्यांची नको.

हे सारं एका दिवसात करायचं नाही. येत्या रविवारी दुपारी जेवणं आटोपली की तासभर काढा. आपल्या फाइलींची यादी करा आणि ज्यात दुसऱ्या कुणाची माहिती आहे, त्या फाइलींना सर्वांत आधी कुलूप लावा. आपली स्वतःची नंतर केली तरी चालतील.