बांधावरचा तरवड

बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस तरवडाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. बालाघाटच्या माळांवर, मुरमाड पडींत व बांधांवर हें झुडूप कोणी न लावतां उगवतें. नवरात्रांत घटावरील माळेस त्याचीं पिवळीं फुलें लागतात, तेव्हां सर्वांस त्याची आठवण होते. सण सरला कीं तोच तरवड निरुपयोगी ठरतो व बांध साफ करण्याच्या नांवाखालीं मुळासकट उपटला जातो. आमच्या मतें ही सफाई निव्वळ तोट्याची आहे.

तरवड पावसाचा ताण सोसतो, हलक्या जमिनींत तग धरतो आणि गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून त्यास पाणी नको, कुंपण नको, राखण नको. आष्टी-पाटोद्याकडील कमी पावसाच्या मुलखांत माती धरून ठेवणारा याहून स्वस्त चाकर कोठें मिळणार? उघड्या बांधावरून एका वळवाच्या सरीनें गेलेली माती पैसे मोजूनहि परत येत नाहीं.

झुडपामुळें पिकास सावली पडते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्यावर उपाय छाटणीचा आहे, उपटण्याचा नव्हे. वर्षांतून एकदां गुडघ्याइतकें छाटावें व पाला शेतांत गाडावा. या वर्गांतील झुडपांच्या मुळांवर हरभऱ्यासारख्या गाठी सहसा येत नाहींत. तरीहि पाल्याचें खत होतेंच.

सालींत सुमारें १८ टक्के टॅनिन असतें. दक्षिणेंतील चर्मकारांचा धंदा एके काळीं या सालीवर चाले. पुढें परदेशी वॅटल सालीनें तिची जागा घेतली. आयुर्वेदांत हीच वनस्पति आवर्तकी होय व ती प्रमेहावर सांगितली आहे. उंदरांवरील प्रयोगांत फुलांच्या अर्कानें रक्तांतील साखर उतरल्याचें आढळलें आहे. परंतु तेवढ्यावरून मधुमेह्यानें डॉक्टरांचें औषध सोडून फुलांचा काढा घेत बसणें धोक्याचें आहे, हें आम्ही स्पष्ट सांगतों.

१९५६ पर्यंत आपला जिल्हा ज्या हैदराबाद राज्यांत होता, त्याच राज्याच्या तेलुगु भागांत आज तेलंगण राज्य आहे. त्या राज्यानें २०१४ सालीं तरवडाच्या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला. आम्ही त्यास मान नको, निदान बांधावर जागा तरी द्यावी. यंदां बांधावर कुऱ्हाड वा यंत्र घालण्यापूर्वीं प्रत्येकानें एवढा विचार करावा, इतकीच आमची विनंति आहे.