जीवदया आणि रवंथ

पर्युषण, महावीर जन्मकल्याणक अथवा घरातील एखाद्या मंगल प्रसंगी पांजरपोळात जाऊन गाईंना लापशी, पोळ्या, गूळ वा धान्य खाऊ घालण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. भावना निर्मळ असते. परंतु त्या मुक्या जीवाची पचनक्रिया जाणल्यावाचून दिलेला घास त्यास पीडादायक, क्वचित प्राणघातकही ठरू शकतो.

गाय गवत खाते, पण गवतातील सेल्युलोज पचविणारे विकर तिचे शरीर स्वतः निर्माण करीत नाही. ते कार्य तिच्या पोटाच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यातील, म्हणजे कोठीपोटातील, सूक्ष्मजीव करतात. तेथील द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जीवाणू असतात. फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस यांसारखे जीवाणू चाऱ्याच्या तंतूंना चिकटतात. त्यांच्या विकरांमुळे सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून साखर मोकळी होते आणि ती आंबून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले तयार होतात. गाईची सुमारे ७० टक्के ऊर्जा याच आम्लांतून येते. गाय जीवाणूंना ऊब आणि चारा देते, ते तिला पोषण देतात. जीवांच्या परस्पर उपकाराचे याहून बोलके उदाहरण विरळा.

हा समतोल मात्र नाजूक आहे. तंतू पचविणाऱ्या जीवाणूंना ६ ते ७ दरम्यानचा सामू मानवतो. चारा चघळताना व रवंथ करताना गाईला दिवसाकाठी शंभर लिटरहूनही अधिक लाळ सुटू शकते आणि तिच्यातील बायकार्बोनेट आम्लता आवरते. धान्य, पोळी वा गूळ यांना रवंथ फारसा लागत नाही, म्हणून लाळही कमी सुटते. त्यांतील पिष्ट व साखर झपाट्याने आंबते, सामू ६ च्या खाली उतरतो आणि सेल्युलोज तोडणाऱ्या जीवाणूंचे कार्य मंदावते. अतिरेक झाल्यास लॅक्टिक आम्ल साचते, गाय चारा सोडते, रवंथ थांबतो, हगवण लागते. वेळीच उपचार न झाल्यास ती दगावते.

पर्वदिनी प्रत्येक कुटुंब आपल्यापुरते थोडेच देते. पण गाईच्या पोटात त्या सर्वांची बेरीज होते. यास्तव टोपली नेण्याऐवजी वैरणीसाठी दान द्यावे, ते वर्षभर विभागून द्यावे, आणि काय व किती घालावे हे तेथील व्यवस्थापकांना वा पशुवैद्यकांना विचारावे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोधाची गणना आहे. अन्न रोखणे जसे टाळायचे, तसेच अयोग्य अन्न देणेही. विवेकाची जोड मिळाली, तरच दयेचे फळ त्या जीवापर्यंत पोहोचते.